तीन मिनिटं झाली

सकाळपासूनचा हा सातवा.
कुलरमध्ये सोडलेला पाइप तसाच टाकून धावले,
कारण भाऊ मेडिकलमध्ये, ऑपरेशन टेबलावर,
आणि भाचा म्हणाला होता, आत्या, फोन जवळ ठेव.

"अभिनंदन! आपल्याला पाच लाखांचं कर्ज मंजूर..."
मी हॅलो म्हटलं. परत हॅलो.
"होय म्हणण्यासाठी एक दाबा."
नाही म्हणायला काय दाबायचं, ते सांगितलंच नाही.
अंगणात पाणी वाहून तुळशीपर्यंत गेलं.

मी एकतीस वर्षं ट्रंक बोर्डावर होते.
गोंदिया, बालाघाट, यवतमाळ, चांदा.
दिवा लागला की दोरी उचलायची, लाइन जोडायची.
पलीकडच्या श्वासावरूनच कळायचं
मयताचा निरोप आहे की पोरगी पसंत पडली.
ह्या बाईला श्वासच नाही.
आवाज गोड, बोलणं शुद्ध, न आणि ण वेगवेगळे,
पण मधेच थांबून "कोण बोलतंय?" विचारायची
तिला सोयच ठेवलेली नाही.

आमच्याकडे एक रीत होती.
चालू बोलण्यात हळूच शिरायचं,
"तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"
रडणाऱ्यालाही विचारायचं,
कोतवालीच्या फौजदारालाही.
तो हो म्हणेपर्यंत चौथं मिनिट
कुणाच्या नावावर चढत नसे.
सुमतीताई उमरेडकर, आमच्या सुपरवायझर,
पेन्सिलीनं टेबल ठोकत म्हणायच्या,
"हो विचारून घ्यायचा असतो, पोरींनो.
गृहीत धरायचा नसतो."

संध्याकाळी भाचा आला. भाऊ शुद्धीवर, सावजीचं मटण मागतोय.
मी चहा टाकला आणि मेसेज लिहायला घेतला.
स्टार्ट, मग शून्य. एकोणीसशे नऊवर.
शून्य म्हणजे सगळंच बंद,
कर्ज, विमा, बेसा-बेलतरोडीचे प्लॉट.
शून्य मैलाचा दगड आमच्याच गावात,
तिथून मोजायला सुरुवात करतात म्हणे. बरं झालं.

मग तक्रार.
कुठल्या नंबरावरून, किती तारखेला, काय म्हणाली.
सात दिवसांच्या आत करायची असते,
मी सातच्या बातम्यांच्या आत केली.
तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहिला,
दुधाच्या खाड्यांशेजारी.

दोन दिवसांनी बर्डीवर, मिक्सरचं भांडं घेताना,
काउंटरवरचा पोरगा वर न बघता म्हणाला,
"नंबर सांगा."
"काऊन?"
"त्याच्याशिवाय बिल निघत नाही, काकू."
"मंग हातानं लिही."
मागे रांग. ऊन छेचाळीस. कुणीतरी च्यक् केलं.
मी पर्स छातीशी धरून उभी राहिले.
बिल हातानं निघालं. अक्षर छान होतं त्याचं.

आणि मग शुक्रवारी तो फोन.
"मॅडम, मी टिकेश बोलतो. ते तुमच्या तक्रारीचं...
मागं घ्या ना जी."
श्वास!
मागे पंखा, कुणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज,
आणि घसा साफ करणारं खरं माणूस.
"गाव कोणतं रे तुझं?"
"तिरोडा."
"तिरोड्याच्या दोनच लाइनी होत्या," मी म्हटलं,
"पावसाळ्यात एक."
तो हसला. मग पुन्हा तेच,
मागं घ्या, साहेब ओरडतात, नोकरी नवी आहे.
माझा हात क्षणभर कॅलेंडरकडे गेला, खोटं कशाला बोलू.

"टिकेश, तक्रार तुह्यावर नाही, बाप्पा.
पण मागं नाही घेणार.
तुह्या साहेबाले सांग, मले कोणी विचारलंच नव्हतं."
तो समजावत राहिला, टार्गेट, पगार, एक डाव मॅडम.
मी सगळं ऐकलं. ऐकणं माझी नोकरी होती.
घड्याळ पाहिलं.
पेन्सिल नव्हती, चमच्यानं टेबल ठोकलं.

"तीन मिनिटं झाली," म्हणाले.
आणि पुढचं नाही विचारलं.